आतून इन्सुलेशन केलेली भिंत पुन्हा पुन्हा ओली, काळी पडत असेल तर

भिंतीला आतून थर्मोकोलचे किंवा एक्सपीएसचे (थर्मोकोलच्याच जातीचा घट्ट फोम) बोर्ड लावले, वर जिप्सम बोर्ड बसवला, पुट्टी आणि रंग झाला. पहिला ऋतू छान जातो. मग वरच्या कोपऱ्यात करडी छटा दिसू लागते, कपाटामागे कुबट वास येतो, स्कर्टिंगच्या वर रंगाला फुगे येतात. बुरशीनाशक मारून रंगाचा हात दिला की काही महिने बरे जातात, आणि पुन्हा त्याच जागी तेच डाग.

इथे बहुतेक जण जाडी वाढवायच्या मागे लागतात. २५ मिमीने भागलं नाही, आता ५० लावू. पण ही ओल जाडी कमी पडल्यामुळे क्वचितच येते. ती येते तीन वाटांनी: बोर्डामागे खोलीतली हवा फिरते, बोर्ड जिथे संपतो त्या कडा उघड्या राहतात, किंवा भिंत मुळात ओली असतानाच बोर्ड चढवलेले असतात. मागची फट तशीच ठेवून जाडी वाढवली तर थंडीत त्रास वाढतो. का, ते आकड्यांतच पाहा.

इन्सुलेशनमुळे मूळ भिंत आणखी गार होते

२३० मिमी विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत घ्या. बाहेर ५ अंश, आत २० अंश आणि आर्द्रता ६० टक्के. भिंत उघडी असताना तिच्या आतल्या पृष्ठभागाचं तापमान साधारण १६ अंश असतं. त्याच भिंतीला आतून ५० मिमी थर्मोकोल लावला की खोलीच्या बाजूचा नवा पृष्ठभाग १९ अंशांपर्यंत चढतो, पण बोर्डाआड गेलेला जुना गिलावा ८ अंशांच्या आसपास उतरतो. २० अंश आणि ६० टक्के हवेतल्या वाफेचं पाणी १२ अंशांना होतं. म्हणजे ही हवा बोर्डामागे पोचली की गिलाव्यावर थेंब धरणारच. बुरशीला तर थेंबही लागत नाहीत. पृष्ठभागाजवळची आर्द्रता ८० टक्क्यांवर टिकून राहिली की तिला पुरतं, आणि वरच्या उदाहरणात ती स्थिती साडेपंधरा अंशांनाच येते.

उष्ण-दमट हवेत एसी चालणाऱ्या खोलीत हेच उलट्या दिशेने घडतं. बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे वाफेचं पाणी होण्याचं तापमान, २७ अंश. आत २४ अंश ठेवले आणि भिंतीवर विनाइल वॉलपेपर किंवा जाड ऑइल पेंट असेल, तर बाहेरून आत येणारी वाफ त्या थरामागे अडते आणि तिथेच पाणी धरते. कागद सोलला की मागे गुलाबी-काळे डाग सापडतात, वरून मात्र काही कळत नाही.

डाग कुठे आहे ते आधी पाहा

काहीही उकरण्याआधी पेन्सिलने डागांच्या कडा आखून तारीख लिहा आणि जागा नीट पाहा. निम्मं निदान तिथेच होतं.

जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंतचा आडवा पट्टा, वर अस्पष्ट होत जाणारा, मध्ये पांढरा भुगा: हा लोणा आहे, पाणी जमिनीतून चढतंय. पट्टा फक्त दहा-पंधरा सेंटीमीटरचा असेल तर जिप्सम बोर्ड थेट फरशीवर टेकवलेला असण्याची शक्यता जास्त. फरशी पुसतानाचं पाणी तो वातीसारखा ओढतो.

छताच्या रेषेत, बीमखाली किंवा कॉलमच्या कडेला सलग काळी रेघ असेल तर काँक्रीटमधून थंडी आत येते आहे. काँक्रीट विटेच्या जवळपास दुप्पट उष्णता वाहून नेतं, आणि बहुतेक कामांत बीमची खालची बाजू मोकळीच सोडलेली असते.

खिडकीभोवतीचे डाग फसवे असतात, कारण तिथे दोन्ही कारणं संभवतात. पाऊस पडून गेल्यावर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी डाग गडद होत असेल तर पाणी बाहेरून शिरतंय. पावसाशी काही संबंध नसून थंडीच्या सकाळी वाढत असेल तर खिडकीच्या आतल्या कडांना इन्सुलेशन नाही.

ठरावीक अंतरावर, बहुधा ४० किंवा ६० सेंटीमीटरवर, उभे पट्टे दिसतात ते जिप्सम बोर्ड ज्यांवर बसवलेला असतो त्या आतल्या लोखंडी चॅनेलचे. स्विचबोर्डाभोवती डाग म्हणजे हवेची गळती. आणि मधोमध गोलसर, हळूहळू पसरणारा डाग दिसला की इन्सुलेशनचा विचार बाजूला ठेवून आधी पाइप, मागचं बाथरूम आणि बाहेरच्या भेगा तपासा.

चाचण्या

उदबत्तीची चाचणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त सांगणारी. दारं-खिडक्या बंद करा, एक्झॉस्ट पंखा लावा आणि पेटती उदबत्ती स्कर्टिंग, छताचा सांधा, स्विचबोर्ड आणि खिडकीच्या चौकटीजवळून सावकाश फिरवा. धूर सरळ वर न जाता आडवा झाला किंवा फटीत ओढला गेला तर तिथून बोर्डामागे हवा येते-जाते. वाऱ्याच्या दिवशी ही चाचणी आणखी स्पष्ट होते.

नंतर बोटांनी ठोकून पाहा. चांगला चिकटलेला बोर्ड भरीव वाजतो. मसाल्याच्या सुट्या ठिपक्यांवर चिकटवलेला बोर्ड ठिपक्यांपुरता भरीव आणि बाकी पोकळ वाजतो. पोकळ आवाजाची सलग जाळी लागली तर मागे हवेचा अखंड थर आहे हे नक्की.

इन्फ्रारेड तापमापक असेल तर तो चकचकीत पृष्ठभागावर रोखू नका. फॉइल, पॉलिश केलेली धातूची पट्टी अशा ठिकाणी तो खोटं वाचन देतो. तिथे कागदी टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा. कोपऱ्यातलं तापमान भिंतीच्या मध्यापेक्षा ३ अंशांहून जास्त उतरत असेल तर ती कडा दुरुस्त करावीच लागेल.

आर्द्रतामापकावर आंधळा विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओलं होईल इतकंच पाणी घाला, विरघळू देऊ नका. झाकण आणि मापक एकाच हवाबंद पिशवीत ठेवा. आठ-दहा तासांनी मापकावर ७५ टक्के दिसायला हवेत. ७० दिसले तर पुढच्या प्रत्येक वाचनात ५ मिळवायचे.

भोक पाडून पाहिल्याशिवाय निदान पक्कं होत नाही

त्या भिंतीचा वीजपुरवठा मेन स्विचवरून बंद करा. सगळ्यात खराब जागी एक आणि ठीक दिसणाऱ्या जागी एक, असे ३० सेंटीमीटरचे दोन चौकोन कापा. एन-९५ मास्क, चष्मा आणि हातमोजे घाला. बुरशी कोरडी खरवडू नका, आधी पाण्याचा हलका फवारा मारा.

आत तीनपैकी एक चित्र दिसेल.

पहिलं: गिलाव्यावर आणि बोर्डाच्या पाठीवर ओल, बुरशी ठिपक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आणि ठिपक्यांखालची जागा मात्र कोरडी. ही मागे फिरणाऱ्या हवेची ओल. सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं.

दुसरं: गिलावा गडद, नख लावलं तरी भुगा होतो, ठिपक्यांखालीही ओल, कदाचित लोणा. हे पाणी भिंतीतूनच येतंय. खात्रीसाठी उघड्या गिलाव्यावर ४५ सेंटीमीटर चौकोनी पॉलिथिन चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा (भोक तेवढं वाढवावं लागेल) आणि किमान २४ तास ठेवा. पाणी पॉलिथिनच्या भिंतीकडच्या बाजूला धरलं तर ते भिंतीचं, खोलीकडच्या बाजूला धरलं तर हवेचं. कोरड्या दिवसांत ही चाचणी भिंतीला निर्दोष ठरवू शकते, म्हणून संशय पावसाचा असेल तर ती पावसातच करा.

तिसरं: गिलावा कोरडा, पण वॉलपेपरच्या किंवा आतल्या प्लास्टिकच्या पाठीला ओल. वर सांगितलेली एसीच्या खोलीची गोष्ट ती हीच.

मागे हवा फिरत असेल तर

ठिपक्यांवर चिकटवलेले बोर्ड तसेच ठेवून वरून फोम मारायचा मोह होतो. त्याचा उपयोग नाही. फोम कुठवर पोचला ते दिसत नाही आणि मागची बुरशी तशीच राहते. बोर्ड काढा. जिप्सम बोर्डाचा दिसणाऱ्या बुरशीच्या पलीकडे आणखी ३० सेंटीमीटर भाग कापून टाकून द्या, कारण त्याच्या कागदात बुरशी खोल गेलेली असते आणि ब्लीचने ती जात नाही. गिलाव्यावरची बुरशी साबणाच्या पाण्याने घासून काढा. ब्लीच वापरायचंच असेल तर त्यात ॲसिड किंवा अमोनियाचं कोणतंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

भिंत कोरडी होऊ द्या. विटांच्या भिंतीला वाळायला महिन्याला साधारण २५ मिमी असा ढोबळ हिशोब धरतात, म्हणजे मुरलेली भिंत पंख्यासमोर आठवडाभरात वाळत नाही. फक्त पृष्ठभागावर धरलेलं दव मात्र काही दिवसांत जातं.

आता पृष्ठभाग. डिस्टेंपर किंवा चुन्यावर हात फिरवून पाहा. तळहात पांढरा झाला तर तो थर खरवडून, धुऊन, प्रायमर मारल्याशिवाय काहीही टिकणार नाही. बोर्ड रंगाला चिकटतो आणि रंग भिंत सोडतो. ऑइल पेंट पूर्ण काढणं उत्तम. दोन मीटरची सरळ पट्टी लावून पाहा, मागे ५ मिमीहून मोठी पोकळी दिसली तर ती आधी गिलाव्याने भरा. भिंतीचा उंचसखलपणा चिकटवण्याच्या मसाल्याने भरून काढायला गेलं की पुन्हा पोकळ्या राहतात.

सिमेंट-पॉलिमरचा मसाला पिशवीवर लिहिलेल्या पाण्यातच कालवा, पाच मिनिटं ठेवा, पुन्हा ढवळा. भिंत सपाट असेल तर १० मिमी दात्यांच्या थापीने बोर्डाच्या पूर्ण पाठीवर लावा. थोडी उंचसखल असेल तर बोर्डाच्या चारही कडांना सलग, कुठेही न तुटणारी ५ ते ८ सेंटीमीटर रुंदीची पट्टी आणि मध्ये तीन मोठे गोळे. खरी कामगिरी त्या सलग पट्टीची आहे: ती प्रत्येक बोर्डामागची जागा वेगळी बंद करते, त्यामुळे एका फटीतून आलेली हवा भिंतभर फिरत नाही. दाबल्यावर पाठीचा किमान ४० टक्के भाग भिंतीला टेकायला हवा. मसाला चौरस मीटरला साधारण ४ ते ५ किलो लागतो, १.२ बाय ०.६ मीटरच्या बोर्डाला सुमारे साडेतीन किलो. याच्या अर्ध्यात काम उरकत असेल तर काहीतरी चुकतंय.

पहिला बोर्ड दाबून बसवला की लगेच परत उचकटा आणि दोन्ही पाठी पाहा. मसाल्याच्या रेघा चपट्या होऊन एकमेकींत मिसळल्या असतील तर दाब आणि जाडी बरोबर. शिखरं तशीच उभी दिसली तर आणखी मसाला हवा. ही एक मिनिटाची तपासणी सहसा कुणी करत नाही.

एक्सपीएसची गुळगुळीत कातडी खरखरीत पॉलिश पेपरने ओरबाडून घ्या, नाहीतर मसाला सुटतो. थर्मोकोल आणि एक्सपीएस दोन्ही सॉल्व्हंटच्या गोंदाने विरघळतात, त्यामुळे लाकडाचा पिवळा गोंद इथे चालत नाही.

सांध्यांत मसाला शिरू देऊ नका. २ मिमीहून मोठी फट बोर्डाच्या पातळ चिरोटीने किंवा पीयू (पॉलियुरेथेन) फोमने भरा. फोम मारण्याआधी फटीत पाण्याचा फवारा द्या, कारण तो ओलाव्यानेच घट्ट होतो, आणि फट अर्धीच भरा, उरलेली तो फुगून भरतो. उभे सांधे एकाखाली एक येऊ नयेत, किमान २० सेंटीमीटर सरकवा. खिडकीच्या कोपऱ्यात सांधा आणू नका; तिथे एल आकारात कापलेला अखंड बोर्ड लावा, नाहीतर पुट्टीला हमखास तिरपी भेग पडते. खिळे किंवा अँकर प्लास्टिकचे, तेही मसाला सुकल्यावर, एक-दोन दिवसांनी.

कडा

कामाचा कंटाळा येतो तो इथेच, आणि डाग परततात तेही इथूनच.

खिडकीच्या बाजूंच्या, वरच्या आणि खालच्या आतल्या कडांना किमान २० मिमी बोर्ड हवा. चौकट पातळ असल्याने जागा नसेल तर जुना गिलावा तेवढा फोडून जागा करा. २० मिमी पीआयआर (जास्त उष्णतारोधक असा फोमचा बोर्ड) साधारण ३० मिमी थर्मोकोलचं काम करतो, म्हणून या अरुंद जागी त्यावर जास्त खर्च करणं पटण्यासारखं आहे. बोर्ड आणि चौकट यांच्यामधल्या रेषेत लवचीक सीलंट.

बाहेरच्या भिंतीला येऊन मिळणारी आतली भिंत आणि स्लॅब यांच्यावरही, कोपऱ्यापासून ३० ते ५० सेंटीमीटर आतपर्यंत, २० ते ३० मिमीचा पट्टा वळवून घ्या. बीम तिन्ही दिसणाऱ्या बाजूंनी झाका. दिसायला पायरी नको असेल तर निमुळता होत जाणारा बोर्ड वापरता येतो.

स्विचबोर्डाच्या डब्यामागे आणि कॉन्ड्यूटच्या तोंडात सीलंट भरा. कॉन्ड्यूट म्हणजे भिंतीच्या पोटातून थेट खोलीत येणारी हवेची नळी, हे लक्षात येत नाही. वायर इन्सुलेशनमध्ये अर्ध्या मीटरहून जास्त लांब पुरली गेली तर ती थंड होऊ शकत नाही आणि तिची वीज वाहण्याची क्षमता निम्मीच धरावी लागते. गिझर किंवा एसीची लाइन असेल तर इलेक्ट्रिशियनला दाखवूनच झाका. पीव्हीसी वायर थर्मोकोलला चिकटून ठेवू नका, तिचं आवरण कालांतराने कडक होऊन तडकतं, कॉन्ड्यूटमधून घ्या. थर्मोकोल, एक्सपीएस किंवा पीयू उघडा सोडायचा नाही, त्यावर १२.५ मिमी जिप्सम बोर्ड हवाच, कारण आग लागली तर त्याचा धूर जीवघेणा असतो.

जिप्सम बोर्ड फरशीपासून १० मिमी वर उचलून बसवा. ही फट स्कर्टिंगमागे झाकली जाते, पण आधी सीलंटने बंद करा.

चॅनेल आणि रॉकवूलची भिंत असेल तर

लोखंडी चॅनेलमध्ये भरलेल्या रॉकवूलची (दगडाच्या तंतूंची गादी) परिणामकारकता चॅनेलमधून पळणाऱ्या उष्णतेमुळे जवळपास निम्म्यावर येते. उभे पट्टे त्याचेच. उपाय एकच: चॅनेल आणि भिंत यांच्यामध्ये किंवा चॅनेलच्या वर खोलीच्या बाजूला, २५ मिमीचा अखंड बोर्ड. रॉकवूल दाबून कोंबू नका, ७५ मिमीच्या जागेत १०० मिमीची गादी भरली तर ती १०० मिमीचं काम करत नाही. आणि ती पावसाने ओली होणाऱ्या भिंतीला टेकवू नका.

चंदेरी बबल फॉइलबद्दल एवढंच: चमकत्या बाजूसमोर २० ते २५ मिमी हवेची बंद जागा असेल तरच ते काही करतं. गिलाव्याला चिकटवून वर बोर्ड मारला की त्याचा उपयोग उरतो तो फक्त वाफ अडवण्यापुरता, तोही बऱ्याचदा चुकीच्या बाजूला.

भिंतच ओली असेल तर

आतून काही करू नका. बाहेरच्या भेगा, खिडकीखालच्या पट्टीची पाणी गाळणारी खाच, छताचं पाणी, फुटका पाइप, भिंतीला टेकलेली माती हे आधी. मग वाळण्याचे महिने. आतून इन्सुलेशन झाल्यावर भिंतीला खोलीची ऊब मिळत नाही आणि आत शिरलेलं पाणी पूर्वीपेक्षाही सावकाश वाळतं, त्यामुळे किरकोळ गळतीही मोठी होते. भिंतीत लाकडी तुळयांची टोकं बसवलेली असतील तर ती थंड, ओल्या विटेत कुजू शकतात; अशा घराला इन्सुलेशन बाहेरून करणंच शहाणपणाचं. उन्हाने तापणारी पण रात्री खिडक्या उघडून गार होणारी खोली असेल तरीही आधी बाहेरून सावली किंवा बाहेरून इन्सुलेशन, कारण आतून झाकलेली जड भिंत खोलीचा उष्मा शोषून घ्यायला उपलब्ध राहत नाही.

प्लास्टिक कुठल्या बाजूला

वाफ अडवणारा थर वर्षातला बहुतेक काळ जी बाजू उबदार आणि दमट असते त्या बाजूला. थंड प्रदेशात, हीटर चालणाऱ्या घरात ती आतली बाजू. उष्ण-दमट हवेत एसी चालणाऱ्या खोलीत ती बाहेरची, म्हणून तिथे आतून पॉलिथिन, विनाइल वॉलपेपर, ऑइल पेंट काहीही नको. दोन्ही ऋतू तीव्र असतील तर पॉलिथिन टाळा आणि वाफ जाऊ देणारी रचना घ्या: कॅल्शियम सिलिकेट किंवा लाकूडतंतूचे बोर्ड, पूर्ण पाठीला मसाला, वर चुन्याचा गिलावा आणि खनिज रंग. त्यांची उष्णतारोधकता कमी असते, विशेषतः कॅल्शियम सिलिकेटची, पण ते ओल शोषून परत सोडतात. वर प्लास्टिक पेंट मारला की हा सगळा गुण संपतो.

बंद करण्याआधी

सगळ्यात खराब जागी कापलेला चौकोन कायमचा बुजवू नका. बोर्डाचा तुकडा कडांना फोमची पट्टी लावून घट्ट बसेल असा ठेवा, वर स्क्रूने झाकण, आणि बोर्ड व गिलावा यांच्यामध्ये छोट्या आर्द्रतामापकाचा सेन्सर. खोलीतली आर्द्रता एक्झॉस्ट चालवून ६० टक्क्यांखाली ठेवा, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका, कपाट भिंतीपासून ५ ते १० सेंटीमीटर दूर. मसाल्यातलं पाणी वाळेपर्यंत पहिले काही आठवडे सेन्सरचा आकडा चढलेलाच असेल, त्याने घाबरू नका. त्यानंतरही तो आठवडेच्या आठवडे ८० च्या वर राहिला तर पुन्हा उदबत्ती फिरवा. उदबत्तीत काही सापडलं नाही आणि आकडा पावसाबरोबर वरखाली होत असेल, तर आतलं काम थांबवून बाहेरच्या गिलाव्याकडे वळा.